बांधावरचा तवा

खरं सांगितलं की कुणी मानत नाही. माझंही मानत नाहीत, आणि जिची ही गोष्ट आहे तिचंही कुणी मानलं नव्हतं. मागल्या श्रावणात शहरातून चार जण तळं बघायला आले होते. त्यातला एक बांधकामातला जाणकार. बांधावर उभा राहून म्हणाला, "मावशी, इथं खाली गाळ लागला असेल, म्हणून बांध वाकवला." मी म्हटलं, गाळ तुमच्या डोक्यात लागला असेल. त्याला राग आला. येऊ दे. त्यानं कागदावर गाळच लिहून नेला. म्हणून मी आता माझ्या कागदावर लिहिते. चौथी शिकले आहे, तेवढं पुरतं.

आमच्या तवेवाडीच्या तळ्याचा बांध सरळ आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी धरावी असा. फक्त मधोमध एका जागी तो आत, पाण्याकडं वळतो, आणि दहा-बारा पावलांनी परत आपल्या रेषेला येतो. झोपलेल्या माणसाला वळसा घालून जावं, तसा. त्या वळणाच्या पोटात, कोरड्या अंगाला, एक वारूळ आहे. आणि वळणाच्या माथ्यावर काळा गोल दगड बसवलाय, मधे थोडा खोलगट, तव्यासारखा. येणारे विचारतात, देवीचा तांदळा आहे का? नाही. तो तवाच आहे. गावाचं नाव त्याच्यावरूनच पडलं. आधीचं नाव काही वेगळं होतं म्हणे. ते आता कुणाला आठवत नाही आणि कुणाचं अडतही नाही.

हे किती जुनं आहे ते मी सांगू शकत नाही. माझ्या सासूला तिच्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. त्याच्या मागचं मोजायला माझ्याकडं बोटं नाहीत.

नागपंचमीला काय करायचं नाही ते आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. तवा म्हणजे नागाचा फणा. तो तापवला की नागाला चटका बसतो. आणि मातीला हात लावायचा नाही, कारण मातीत त्याचं घर. आमच्या गावात ही रीत फार कडक होती, असं सांगतात. चतुर्थीला, म्हणजे आदल्या दिवशी, बायका भावाचा उपवास धरायच्या आणि तिन्हीसांजेला घरातली कुदळ, फावडं, खोरं धुऊन त्यांच्या पात्यावर हळदीची पाच बोटं उठवायच्या. मग ती अवजारं भिंतीकडं तोंड करून उभी. पंचमीचा सूर्य मावळेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. हळदीची बोटं म्हणजे कुलूप. ते मोडायची कुणाची छाती नव्हती.

त्या गावात भिवरा नावाची एक बाई नांदत होती. तिला नवरा होता, पण तो असून नसल्यासारखा. कुणी मोठ्यानं बोललं की गोठ्यात जाऊन बसायचा. तिला भाऊ नव्हता. माहेर नावापुरतं, आईबाप गेलेले. लग्न होऊन आली त्या पहिल्या चतुर्थीला बायकांनी तिला विचारलं, तू उपवास कुणासाठी धरणार गं? त्यात थोडी चेष्टा होती. भिवरा बांधाखालच्या वारुळापाशी गेली, तिथं कुंकवाचं बोट टेकवलं आणि म्हणाली, आजपासून तू माझा भाऊ. आणि भावाच्या सणाला मी माझ्या दारातून कुणाला उपाशी जाऊ देणार नाही. एवढाच तिचा नवस. मागितलं काही नाही, फक्त दिलं. बायका हसल्या. पण ती दर चतुर्थीला उपवास धरत राहिली आणि दर पंचमीला लाह्या-दूध घेऊन वारुळाला जात राहिली.

आता दुसरा माणूस. तळ्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं हे बघणारा जो असतो, त्याला आमच्याकडं पाटकरी म्हणतात. त्या वेळचा पाटकरी म्हणजे माझ्या सासरचा मूळपुरुष. मी त्याच घरची सून आहे, त्यामुळं घरची अब्रू कशाला काढतेस हे मला कुणी सांगायला येऊ नये. सासूनंच मला सांगितलंय, काढायची म्हणून. हा पाटकरी देवधर्माचा मोठा कडक माणूस. कुणाच्या घरातून एकादशीला कांद्याचा वास आला, कुणी सोमवार मोडला, सगळं त्याला ठाऊक. दुसऱ्याची चूल बघत फिरायचा. त्याची बायको येसू मात्र कमी बोलणारी. तिचा नेम तिच्या घरात, तिच्या देव्हाऱ्यापाशी. तिनं कधी कुणाला विचारलं नाही, तू आज काय शिजवलंस.

त्या वर्षी मृगात वरच्या डोंगरावर पाऊस झाला आणि तळं काठोकाठ भरलं. मग पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. श्रावण आला तरी थेंब नाही. पिकं माना टाकायला लागली. पण गावाचा ठराव होता की तळ्याचं पाणी दसऱ्याआधी शेताला द्यायचं नाही; ते माणसांचं आणि जनावरांचं, उन्हाळ्यापर्यंत पुरवायचं. हा ठराव सांभाळायला कोण? पाटकरी.

पंचमीच्या सकाळी गावाच्या वेशीवर वडारांचं एक बिऱ्हाड आलं. बायका, पोरं, म्हातारे मिळून तेरा माणसं आणि दोन गाढवं. माती खणायची, दगड फोडायचा, बांध घालायचा, हे त्यांचं काम. तीन गावांत काम मिळालं नव्हतं आणि तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. त्यांच्यात एक ओली बाळंतीण होती. पोर रडायचंही थकलं होतं, असं सांगतात. वेशीवरच्या राखणदारानं त्यांच्या कुदळी-फावडी तिथंच ठेवून घेतली. आज पंचमी, हत्यार आत न्यायचं नाही. माणसं मोकळ्या हातानं गावात आली आणि दारोदार भाकरी मागायला लागली.

भाकरी कुठून असणार? घरोघरी पुरणाचे दिंड उकडलेले, माणशी दोन, नैवेद्याला पाच. कुणी अर्धा दिंड दिला, कुणी पुढचं दार दाखवलं. त्यांनी पीठ मागितलं आणि वेशीबाहेर तीन दगड मांडून स्वतःच भाजतो म्हणाले. त्यावर पाटकरी धावून आला. गावच्या शिवारात आज तवा तापणार नाही म्हणाला. तुमचे देव वेगळे असतील, पण नाग आमचा आहे.

वडारांतली म्हातारी होती यल्लव्वा. ती म्हणाली म्हणे, "नाग तर रोज आमच्या कुदळीपुढं येतो बाबा. आम्ही त्याला वाट देतो, तो आम्हाला देतो. भाकरीवरून कधी भांडला नाही."

पाटकऱ्यानं त्यांना हाकललं. ती माणसं गावाबाहेर पडताना शेवटचं घर लागलं ते भिवराचं. तिनं आपले दिंड काढून दिले. ते पोरांतच संपले. मग ती उंबऱ्यात उभी राहिली. बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती, तिच्याकडं बघितलं. चाळणीत सहा-सहा दिंड उकडत बसली असती तर तेरा पोटांना दुपार टळली असती. पण मला विचाराल तर ते कारण नाही. तिनं नवस बोलताना उकडून देईन असं म्हटलं नव्हतं, उपाशी जाऊ देणार नाही एवढंच म्हटलं होतं. तिनं कणगीतलं ज्वारीचं पीठ काढलं, परात घेतली आणि चुलीवर तवा ठेवला.

शेजारणीनं भिंतीवरून बघितलं आणि हाय खाल्ली. अगं, फणा भाजेल त्याचा. भिवरा म्हणाली, "तवा लोखंडाचा आहे. त्याचा फणा त्याच्यापाशी आहे. भावाच्या सणाला पाहुणे उपाशी गेले तर त्याला चटका बसेल."

छपरातून धूर निघाला. पंचमीच्या दिवशी भाजल्या भाकरीचा वास गावभर गेला. तुम्ही म्हणाल, गावानं तेव्हाच तिला धरलं असेल. नाही. सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून उद्या बघू असं ठरलं. माणसं चावडीपुढच्या लिंबाखाली बसली, पोरी झोक्यावर चढल्या.

तेरा माणसं पोटभर जेवली. शेवटची भाकरी भिवरानं भावाची म्हणून बाजूला ठेवली होती. ती पदराखाली घेऊन भर दुपारी ती वारुळाकडं निघाली. बांधाजवळ गेली आणि जागीच थबकली. वारुळाच्या हातभर बाजूला, वर बांधाच्या माथ्यावर चर मारलेली होती, फावड्याच्या पात्याएवढी रुंद. दोन्ही बाजूंना ओली ढेकळं टाकलेली. त्या चरीतून पाणी खळाळत खालच्या शेताकडं चाललं होतं. जवळ कुणी नाही. आणि चरीची कड तिच्या डोळ्यांदेखत ढासळत होती. मातीच्या बांधाला एकदा वाट दिली की पाणी ती आपल्या मापाची करून घेतं.

भिवरानं भाकरी वारुळापाशी ठेवली आणि हातानं माती लोटायला लागली. दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत. टाकलेली माती वाहून जायची. शेवटी ती तशीच उठली आणि चावडीकडं धावली. बांध कापलाय, फावडी घ्या, चला, असं ओरडत आली.

एकही जण उठला नाही.

हे ऐकताना पाहुण्यांना खोटं वाटतं. पण नीट समजून घ्या. एक तर फावडी घ्या म्हणणारी बाई ती, जिच्या छपरातून सकाळी धूर निघाला होता. दुसरं, फावड्यांवर हळदीची बोटं. आणि तिसरं म्हणजे पाटकरी तिथंच लिंबाखाली बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "बाईचे हात बघा. पंचमीला माती उकरून आलीय, आणि आता आपल्याकडून पाप करवते. मी आत्ताच तळ्यावरून आलो. बांध जागेवर आहे."

तळ्याचा राखणारा म्हणतोय, बांध जागेवर आहे. मग कोण उठणार? भिवरा एकेकाच्या पुढं जाऊन उभी राहिली. ज्याच्यापुढं उभी राहिली त्यानं मान वळवली. नवरा गोठ्यात होता. ती म्हणाली, माझ्यावर विश्वास ठेवू नका, येऊन डोळ्यांनी बघा. तेवढंही कुणी केलं नाही. सण होता ना.

मग आवाज आला. आभाळ गडगडावं तसा, पण जमिनीखालून. आता मात्र सगळे उठले. पोचले तोवर बांधाला बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं होतं. उन्हाळ्यापर्यंत पुरायचं पाणी दोन घटकांत ओढ्याला गेलं. जाताना पाटकऱ्याच्या शेतातलं पीकही मुळासकट घेऊन गेलं. तळ्यात उरला चिखल आणि तडफडणारे मासे. बायका बांधावरच बसून रडल्या, असं सांगतात. रडण्यासारखंच होतं. पुढचे दहा महिने तहानेचे दिसत होते.

रडून झाल्यावर दोष द्यायला माणूस लागतो. तो तयार होता.

दिवस मावळायला अजून दोन हात होते. पंच बांधावरच बसले. पाटकरी पुढं होऊन बोलला: तवा तापला, नागाला चटका बसला, त्यानं उलटून बांध फोडला. आता हिची चूल मोडा आणि हिला डोक्यावर मावेल एवढं घेऊन दिवस मावळायच्या आत शिवेबाहेर घाला. त्या वडारांनाही. पंचांनी माना हलवल्या. लोक म्हणाले, बरोबर आहे. भिवराचा नवरा गोठ्याकडं चालता झाला.

पंचांनी तिला विचारलं, काही सांगायचंय का? बोलली ती एवढंच.

"भाऊ रागावला असता तर आधी माझ्या घरी आला असता. माझी चूल त्याला माहीत आहे. तळ्याशी त्याचं काय भांडण?"

कुणीतरी हसलं. पण ती वारुळाकडं हात करून उभी राहिली आणि लोकांनी तिकडं बघितलं. अख्खं तळं त्या वारुळाच्या अंगावरून गेलं होतं. बांधातला दगड वाहून गेला, लिंबाएवढी झाडं उपटली. वारूळ होतं तसं उभं. त्याच्यापुढं ठेवलेली भाकरीसुद्धा कोरडी होती, असं सांगतात. भाकरीचं मी बघितलं नाही. वारूळ बघितलंय, रोज बघते.

लोक तिकडं बघत होते तेवढ्यात यल्लव्वा खिंडाराच्या कडेला उतरली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तुटलेल्या मातीवरून तिनं हात फिरवला, वर माथ्यावर पडलेलं एक ढेकूळ उचललं आणि पंचांपुढं आणून ठेवलं. म्हणाली, पाणी माती खाली नेतं. वर टाकत नाही. हे ढेकूळ वर कुणी टाकलं? आणि ढेकळाची एक बाजू दाखवली. चाकूनं खरवस कापावा तशी गुळगुळीत. आम्ही जन्मभर बांध घालतो, म्हणाली, तुटलेला आणि कापलेला आम्हाला अंधारातही हाताला कळतो. हा कापलाय.

पाटकरी लगेच बोलला. "मग फावडी कुणाकडं असतात? यांच्याकडं. यांनीच कापला."

भिवरा त्याच्याकडं वळली. "आत्ता तर नागानं फोडला म्हणत होतास, भाऊजी."

इथं माझी सासू थांबायची आणि पान लावायची. मीही थांबते. एवढं एकच वाक्य, पण त्यानं पंचांच्या माना हलायच्या थांबल्या. वेशीचा राखणदार पुढं आला. वडारांची हत्यारं सकाळपासून माझ्यापाशी आहेत, म्हणाला, एकही हललं नाही. मग पंचांतला सगळ्यात म्हातारा उठला. त्यानं सांगितलं, प्रत्येक घरातून फावडं आणा, सणाचा दोष माझ्या माथी. हळद मोडलेली कुणाची ते दिसेल.

फावडी आली. चाळीस घरांची चाळीस, बांधावर ओळीनं मांडली. प्रत्येकावर आदल्या दिवसाची हळद, वाळून भेगाळलेली. पाटकऱ्यानंही आपलं आणलं. त्याच्यावरही हळद होती. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि पंच परत भिवराकडं बघायला लागले. सूर्य डोंगराला टेकला होता. तिनं आपला तवा डोक्यावर घेतला. दुसरं काही घेतलं नाही.

तेव्हा येसू पुढं आली. पाटकऱ्याची बायको. चारचौघांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती आपल्याच घरच्या फावड्यापाशी बसली, पात्याला बोट लावलं आणि ते बोट पंचांना दाखवलं. हळद ओली होती.

"काल संध्याकाळी मी पाच बोटं उठवली," ती म्हणाली. "भावाचं नाव घेऊन उठवली. हे बघा इथं काय आहे. एकाच अंगठ्यानं पाच ठिपके दिलेत. हा माझा हात नाही. माझ्या घरात माझ्याशिवाय हळदीचा डबा कुणाला सापडतो ते मला माहीत आहे."

मग तिनं नवऱ्याचा उजवा हात धरून वर केला. अंगठा पिवळा होता.

बघा, किती साधं. आम्हा बायकांना कळतं ते हेच. पाच बोटं उठवायला तळहात टेकवावा लागतो, आणि त्यानं ते जन्मात कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्याच्या चुली बघण्यात गेली सगळी हयात.

पाटकरी खाली बसला. मग सगळं बाहेर आलं. पीक वाळत होतं. पंचमीला शेताकडं कुणी फिरकत नाही, हे त्याच्याएवढं कुणाला ठाऊक असणार. हातभर चर मारू, तासाभरात शेत भिजवू, चर बुजवून गुपचूप येऊ, असा त्याचा बेत. पण पाणी आवरेना, म्हणून तो घाबरून गावात पळाला, फावडं धुतलं, हळद लावली आणि लिंबाखाली जाऊन बसला. भिवरा ओरडत आली तेव्हा चाळीस फावडी उठली असती तर बांध वाचला असता. त्यानं ती उठू दिली नाहीत. पाणी चोरलं ते एक वेळ सोडा. पण गावाच्या श्रद्धेचा त्यानं आडोसा केला, आणि चाळीस घरं त्या आडोशाला बसून राहिली. तीही दोषी आहेत, असं माझं मत. सासूचं पण होतं.

पंचांनी भिवरापुढं हात जोडले. याचं काय करायचं ते तू सांग, म्हणाले. हाकलून द्या, असं ती म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. ती म्हणाली, उपाशी माणसाला मी दारातून घालवत नाही आणि याचं शेत वाहून गेलंय, म्हणजे आता हाही उपाशीच. राहू दे. पण बांध बांधताना मातीची पाटी हा उचलेल, आणि वडारांचं जेवण याच्या घरून जाईल.

एका पंचानं हळूच विचारलं, मग पुढच्या पंचमीला तवा ठेवणार नाहीस ना? भिवरा म्हणाली, "ठेवणार."

सगळे येसूकडं बघायला लागले. तिच्यामुळंच तर ही सुटली होती. येसू म्हणाली, "मी नाही ठेवणार. माझ्या मनाला तो फणाच दिसतो. पण माझे दिंड हिच्या दारात येतील आणि हिची भाकरी मी खाईन. हिच्या चुलीवर काय आहे ते मला विचारायचं नाही, माझ्या चुलीवर काय नाही ते हिला."

म्हाताऱ्या पंचानं तेच गावाचं म्हणून सांगितलं. पंचमी ज्याला जशी कळते तशी त्यानं करावी. दुसऱ्याच्या धुराकडं बघू नये.

दुसऱ्या दिवशी वडारांनी बांधाला हात घातला. त्यांच्याबरोबर चाळीस घरं उतरली. आणि खिंडाराच्या मधोमध, जुन्या बांधाच्या रेषेवर, नाग येऊन पडला होता. ऊन खात, वेटोळं न घालता, लांबलचक. लोक थांबले. दुपार झाली तरी तो हलेना. त्याच्या पुढच्या दिवशीही तिथंच. कुणी म्हणालं दूध ठेवा, कुणी म्हणालं काठीनं बाजूला करा. यल्लव्वा म्हणाली, पाहुणा झोपलाय, आपण वळसा घालू. वडारांनी बांध आत वळवला, त्याच्या अंगाला धक्का न लावता, आणि पलीकडं नेऊन परत रेषेला लावला. गाळ नव्हता तिथं. नाग होता.

पोवत्याच्या म्हणजे राखीच्या पुनवेला, दहाव्या दिवशी, शेवटची पाटी पडली. ती पाटकऱ्यानं टाकली. भिवरानं वारुळावर सुताचं पोवतं ठेवलं, भावाचं. आणि त्याच संध्याकाळी डोंगरावर जो पाऊस धरला तो तीन दिवस उघडला नाही. तळं पुन्हा काठोकाठ भरलं. नवं वळण तसूभरही हललं नाही. लोक पावसात बांधावर उभे राहून नाचले म्हणे. भिवराचा नवरासुद्धा गोठ्यातून बाहेर आला.

तिचा तवा त्या वळणात पुरला आणि त्याचा दगड झाला, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. लोखंडाचा दगड होत नाही. तो यल्लव्वाच्या लेकांनी घडवून बसवला असणार, टाकीचे घाव अजून दिसतात. पण कुणाला दगड झाला असं मानायचं असेल तर मानू दे. त्यावरून मी भांडत नाही. आमच्या गावात त्यावरून कुणी भांडत नाही.

आजही पंचमीच्या दिवशी तवेवाडीत काही छपरांतून धूर निघतो आणि काहींतून निघत नाही. कोणत्या घरातून निघाला हे विचारलं तर उत्तर मिळणार नाही. दुपारी सगळ्या बायका बांधावर जमतात. कुणाच्या ताटात दिंड, कुणाच्या भाकरी, सगळं त्या दगडी तव्यावर एकत्र. वाटेनं जाणारा कुणीही, कुठल्याही देवाचा, तो आधी जेवतो. परवाच्या पंचमीला एक गॅसच्या टाक्या वाहणारा ड्रायव्हर जेवून गेला.

आणि तिथंच तीन दगडांच्या चुलीवर एक भाकरी होते. ती थापायची पाटकऱ्याच्या घरच्या सुनेनं, म्हणजे आता मी. आमच्या घरात येसूपासून आजवर पंचमीला तवा ठेवलेला नाही. मीही ठेवत नाही. म्हणून मी फक्त थापते. थापलेली भाकरी माझ्या हातावरून भिवराच्या घरची सून घेते आणि ती तव्यावर टाकते. तिचा हात, तिची श्रद्धा. भाजली की पहिला तुकडा वारुळाला.

थापताना मात्र मी एकटी नसते. चाळीस घरांची आता दोनशे झाली, त्या सगळ्या घरांतल्या बायका परातीभोवती उभ्या राहतात. हातातला गोळा परातीत पडतो, आणि माझ्या प्रत्येक थापेबरोबर दोनशे घरांच्या तोंडून एकच नाव उठतं, वळणापर्यंत जाऊन परत येतं. माझा नवरा मागं उभा असतो, तोही म्हणतो. माझी सासू सांगायची, जोरात थाप, बांध कापणारा पाटकरी आपल्या घरचा आहे म्हणून हात हलका नको. मी हलका करत नाही. पहिली थाप पडते ती त्याच्याच नावानं, शेवटची पडते ती त्याच्याच नावानं: शिदोजी.